नाकातला पाव

पोर्तुगीज ही परकी भाषा आहे असं जे म्हणतात त्यांच्या घराला चावी नसावी, असं मी जाहीर केलं ते डोंबिवलीच्या आमच्या घरी, बटाट्याच्या काचऱ्या दुसऱ्यांदा वाढून घेता घेता. लेक लिस्बनला पीएचडी करते, तिच्याकडे जाऊन राहायचं ठरलं होतं आणि हिनं भाषेची धास्ती घेतली होती. "अगं, धास्ती कसली? बटाटा त्यांचा, चावी त्यांची. पगार, लिलाव, घमेलं, परात, बादली, इस्त्री, फीत, काजू, अननस, पपई, तंबाखू, सगळं त्यांच्याकडून आलेलं. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईतून पोर्तुगीजांना काढलं खरं, पण त्यांची घमेली आणि बादल्या आपल्याकडेच राहिल्या. पिढ्यान् पिढ्या आपण घरात पोर्तुगीज बोलतोय, आपल्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं!"

"मग तिथं उतरल्या उतरल्या बादली मागणार का?" ही म्हणाली.

हिचं हे असंच असतं. माझा मुद्दा मोठा होऊ लागला की ही त्यात बादली आणते.

पण मी जन्मभर लेखापरीक्षणात नोकरी केलेला माणूस, नुसत्या बोलण्यावर थांबणारा नव्हे. दोनशे पानी वही आणली, पट्टीनं तीन रकाने आखले: शब्द, इंग्रजी अर्थ, शेरा. इंग्रजीच का, तर पोर्तुगीज-मराठी कोश काही हाताला लागेना, आणि इंग्रजीबद्दल माझी सरकारी माणसाची श्रद्धा आहे. आपल्याला येत नसलं तरी कागदावर उमटलं म्हणजे खरंच असणार. मग मिळेल तिथून शब्द टिपत सुटलो. थोडे मोबाइलवरून, थोडे रद्दीतल्या एका पुस्तिकेतून, आणि बरेचसे ब्राझीलला नोकरी करून आलेल्या शेजाऱ्यांच्या मुलाकडून. यातले ब्राझीलचे कुठले नि पोर्तुगालचे कुठले हे वेगळं काढलं पाहिजे असं तो पोरगा दोन-तीनदा म्हणाला, पण मी त्याला म्हटलं, अरे, भाषा एकच ना? आपण काय नागपूरची मराठी वेगळी आणि मालवणची वेगळी असं करत बसतो का?

बसतो. पण ते मला लिस्बनला पोचल्यावर आठवलं.

पहिला दणका दारानं दिला. लेकीच्या घराजवळच्या दुकानाचं काचेचं दार, त्यावर ठळक अक्षरांत एक शब्द. मी वहीतले उच्चाराचे नियम लावून अक्षर अक्षर वाचला आणि तो निघाला ‘पुश’. बघा, म्हटलं, इंग्रजांनी हाही यांच्याकडूनच उचललेला दिसतोय, आणि ढकललं. दार हलेना. जोर लावला. खांदा लावला. आत एक आजोबा उभे होते, ते दोन्ही हातांनी काहीतरी छातीकडे ओढल्याचा अभिनय करू लागले, तो मला ‘या, या, स्वागत आहे’ असा वाटला आणि मी आणखी हुरुपानं रेटलं. मागे दोन-चार माणसं थांबली. लाज वाटून मी अंगातला स्वेटर काढून हिच्या हातात दिला आणि बाह्या सरसावल्या. तेवढ्यात हिनं, स्वेटर दुसऱ्या हातात घेऊन, मूठ धरून दार सहज ओढलं.

पोर्तुगालभर दारांवर ‘पुश’ लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ ‘ओढा’.

"तुला वाचता आलं?" मी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? ढकलून उघडत नाही म्हटल्यावर ओढायचं."

ही पद्धत वहीत बसणारी नव्हती.

मात्र खरी फजिती व्हायची होती ती बेकरीत. बेकरीला तिकडे ‘पादारिया’ म्हणतात. हिनं हा शब्द तोंडातून काढायला अखेरपर्यंत नकार दिला; जायची वेळ झाली की ‘त्या दुकानात जाऊन या’ एवढंच म्हणायची. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी एकटा गेलो. ताज्या भाजणीचा वास, काचेमागे टोपल्यांत रचलेले खरपूस पाव, रांगेत सगळ्या आसपासच्या बायका, आणि गल्ल्यामागे पांढरी टोपी घातलेली एक हसतमुख मुलगी. माझा नंबर आला. आता हा शब्द काही वहीत बघायचा नव्हता. तो आमचा घरचा शब्द, मिसळीबरोबर लहानपणापासून तोंडात असलेला. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "बों दिया! क्वात्रु पाव!"

मुलीच्या हातातला चिमटा अधांतरी राहिला.

ऐकू आलं नसेल म्हणून मी जरा मोठ्यानं म्हटलं, "पाव! पाव!" मागच्या आजीबाईंना ठसका लागला. भाषा अडली की हातांनी बोलावं या तत्त्वाला स्मरून मी दोन्ही हातांचे तळवे समोरासमोर धरून तिला पावाचा आकार दाखवला. तिनं ओठ दाताखाली दाबले. लहान वाटत असेल म्हणून मी तळवे आणखी लांब नेले. आता रांगेतल्या दोन बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या, आणि मी आपला मनात म्हणतोय, काय आनंदी लोक आहेत!

अखेर तिनंच अंदाजानं चार पाव पिशवीत घातले. पैसे देऊन मी "ओब्रिगादा" म्हणालो, कारण तीही दर गिऱ्हाइकाला तेच म्हणत होती. पुरुषानं ‘ओब्रिगादु’ म्हणायचं असतं आणि बाईनं ‘ओब्रिगादा’, हे लेकीनं घरी आल्यावर सांगितलं. थोडक्यात, एवढं सगळं झाल्यावर मी रांगेला ‘येते हं’ म्हणून बाहेर पडलो होतो.

आकाराचा प्रसंग मी कौतुकानं सांगू लागलो तशी लेक कपाळाला हात लावून खालीच बसली. "बाबा, पाव नाकात म्हणायचा असतो! नाकात!" पावाच्या शेवटी त्यांच्याकडे भरघोस अनुनासिक आहे. ते काढलं की उरतो आपला डोंबिवलीचा ‘पाव’, आणि त्याचा पोर्तुगीजमध्ये अर्थ होतो काठी. नुसती काठी असती तरी मी निभावून नेलं असतं, पण बोलीभाषेत त्या काठीला आणखी एक अर्थ आहे. तो लेकीनं आईच्या कानात सांगितला. आईनं तो मला सांगितला नाही. नुसतं माझ्या हातांकडे बघितलं.

मला विचाराल तर यात माझा काय दोष? पाव समुद्रमार्गे आपल्याकडे आला तेव्हा नाकासकट आला असणार. वाटेत कुठं नाक गळालं त्याची नोंद नाही. त्यातून माझं स्वतःचं नाक कैक वर्षं चोंदलेलं. लेकीनं शिकवणी घेतली, "म्हणा, पाँव." मी म्हटलं, "पाव." "नाक उघडा, पाँऽव." "पाऽव." ही भाजी चिरता चिरता म्हणाली, "पाँव म्हणजे हिंदीतला पाय ना? मी लहानपणापासून सांगतेय, पायांनी मळतात म्हणून पाव म्हणतात, तर तुम्ही हसायचात!" एवढा मोठा व्युत्पत्तीचा वाद आमच्या घरात त्या दिवशी हिच्या बाजूनं निकाली निघाला आणि मला ब्र काढता आला नाही, कारण काढला तरी तो नाकातून येत नव्हता.

शेवटी लेकीनं पळवाट काढून दिली. त्या छोट्या गोल पावाला लिस्बनमध्ये ‘कार्कासा’ म्हणतात, तो शब्द वापरा म्हणजे नाकाचा प्रश्नच मिटला. मी वहीत टिपून इंग्रजी अर्थ शोधला. अर्थ निघाला मढं, जनावराचा सांगाडा. जन्मात अंडं न खाल्लेल्या हिच्या पानात रोज सकाळी मी सांगाडा वाढत होतो हे मी तिला सांगितलं नाही.

भाजीवाल्याकडे मात्र हीच बरोबर आली. बटाटा त्यांना लगेच कळला, तो त्यांचा ‘बताता’च आहे, तेवढ्या एका क्षणी माझी मान ताठ झाली. मग कोबी. कोबी हा त्यांच्या ‘कोव्ह’वरून आला, हे पाठच होतं. मागितला. भाजीवाल्यानं हातभर लांबीची, गडद हिरवी, जाड देठांची पानं जुडी बांधून पुढं केली. "याला गड्डा कुठंय?" हिनं विचारलं. गड्डा नव्हता, कारण त्यांचा ‘कोव्ह’ म्हणजे आधी पानांची भाजी, तीच बारीक चिरून ते ‘काल्दु व्हेर्द’ नावाचं हिरवं सूप करतात. आपला गड्ड्याचा कोबी हवा असेल तर ‘रपोल्यु’ म्हणावं लागतं. आता घेतली जुडी परत कशी करायची? हिनं चण्याची डाळ घालून, मोहरी-हिंगाची फोडणी देऊन ती भाजी केली. देठ तासभर शिजत होते. जेवताना घरात फक्त चावण्याचा आवाज होता.

वारांनी केलेला घोळ थोडक्यात सांगतो. पोर्तुगीजांना सोमवार-मंगळवार अशी नावं नाहीत. सोमवार म्हणजे ‘सेगुंदा’, दुसरा. मंगळवार ‘तेर्सा’, तिसरा. असा शुक्रवारपर्यंत हिशेब. बेलेंच्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे, ती मला बघायची होती, आणि तिथं ‘सेगुंदा बंद’ असं मी वाचून ठेवलं होतं. आठवडा सोमवारपासून सुरू होतो, त्याअर्थी दुसरा म्हणजे मंगळवार, असा चोख हिशेब करून मी सगळ्यांना सोमवारी घेऊन गेलो. मोजणी रविवारपासून असते. आपल्या भिंतीवरच्या कालदर्शिकेतसुद्धा रविवारच पहिला असतो, हे हिनं बंद दारासमोर उभं राहून सांगितलं. गामा १४९८ साली आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला नेमका पोचला. मी ट्रामचं तिकीट काढून बंद फाटकाशी पोचलो.

आता प्रोपिनाचं. याबद्दल मी फार बोलू नये असं लेकीचं मत आहे.

एका रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "उद्या विद्यापीठाची प्रोपिना भरायची शेवटची तारीख आहे, बाबा, आठवण करा." मला शब्द ओळखीचा वाटला. हात धुऊन वही काढली. प्रोपिना, इंग्रजी अर्थ: लाच, शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतःच लाल शाईनं लिहिलेलं, ‘सर्व देशांत हा शब्द माहीत असणे आवश्यक’. माझे हातपाय गार पडले. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या फायलींत हाच पदार्थ शोधण्यात घालवला, आणि माझी पोटची पोर जेवता जेवता, कोशिंबीर वाढून घेत, त्याची शेवटची तारीख सांगत होती!

"कुणाला द्यायची?" मी आवाज शक्य तितका शांत ठेवला.

"विद्यापीठाला. सगळेच देतात."

"सगळेच देतात! आणि नाही दिली तर?"

"उशीर झाला तर वर व्याज लावतात."

लाचेवर व्याज! मी पाण्याचा घोट घेतला. "रोख?"

"छे, ऑनलाइन. हप्त्यांनीही देता येते."

"आणि... म्हणजे, पावती वगैरे?"

"मिळते ना. तीच तर करसवलतीला लावतो."

मी खुर्चीत बसलो. एकीकडे संताप येत होता, पण खोटं कशाला बोलू, आतला जुना लेखापरीक्षक टाळ्या वाजवत होता. हप्ते, व्याज, पावती, वर करात सूट! आम्हाला जन्मभर एक धड नोंद मिळाली नाही आणि इथं सगळं हिशेबात. तरी बापाचं कर्तव्य म्हणून मी उठून सचोटीवर बोललो. बराच वेळ बोललो. माझ्या वडिलांनी परत पाठवलेल्या आंब्याच्या पेटीपर्यंत आलो होतो, तेव्हा लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला फी भरणं एवढं का लागतंय?" पोर्तुगालमध्ये प्रोपिना म्हणजे विद्यापीठाची फी. लाच ती ब्राझीलमध्ये. शेजाऱ्यांच्या मुलाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मग तो काय म्हणाला होता ते आठवून परत घेतल्या.

त्या रात्री वही जप्त झाली. लेक वाचत गेली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत गेली, आणि मग म्हणाली, "बाबा, तुमच्या आधी एक होऊन गेलाय." त्याचं नाव पेद्रु कारोलिनु. यानं १८५५ साली पॅरिसमध्ये पोर्तुगीज लोकांना इंग्रजी संभाषण शिकवणारं पुस्तक छापलं. अडचण एवढीच की त्याला इंग्रजी येत नव्हतं. जुझे द फोन्सेका नावाच्या जाणकाराचं पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणाचं चांगलं पुस्तक आधीपासून होतं, ते यानं समोर ठेवलं, शेजारी फ्रेंच-इंग्रजी कोश ठेवला आणि एकेक शब्द उचलून मांडत गेला, असं मानतात. शिवाय मुखपृष्ठावर बिचाऱ्या फोन्सेकाचंही नाव घातलं. फ्रेंचमध्ये ताटकळत बसण्याला एक वाक्प्रचार आहे, तो या गृहस्थांच्या इंग्रजीत जाऊन पोचला तेव्हा कुणीतरी माकड कुरतडत होतं. पुढं हे पुस्तक इंग्रज-अमेरिकनांच्या हाती पडलं आणि ते हसून हसून लोळले. १८८३ च्या अमेरिकन आवृत्तीला खुद्द मार्क ट्वेननं प्रस्तावना लिहिली.

लेकीचा हेतू मला जमिनीवर आणण्याचा होता. माझ्या डोक्यात प्रस्तावनेचं राहिलं. मी विचारलं, "ट्वेनच्या तोडीचं हल्ली कोण आहे?" तिनं वही परत केली नाही.

वही नसल्यामुळे लाडवांच्या बाबतीत माझ्याकडे काही उपाय उरला नाही. वरच्या मजल्यावरचा दहा-बारा वर्षांचा मुलगा आमच्या जिन्यात रेंगाळायचा. हिनं इथल्या चण्याच्या पिठाचे बेसनलाडू केले होते, एक त्याच्या हातावर ठेवला. त्यानं चावा घेतला, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "फीश!"

हिचा चेहरा उतरला. "फिश? अहो, यात बेसन आहे, तूप आहे, वेलची आहे. फिश कुठंय?"

"बुए फीश!" पोरगा तोंडातला लाडू सांभाळत म्हणाला.

मी समजूत घातली. अगं, खलाशांचा देश हा, सुकवलेल्या बाकाल्याउ माशाचे म्हणे असंख्य प्रकार करतात, यांच्या जिभेला सगळ्यालाच मासळीची चव लागत असेल. हे ऐकून हिनं तुपाची बरणी उघडून वास घेतला, मग मला घ्यायला लावला, मग ज्या कढईत बेसन भाजलं ती कढई लेकीनं पूर्वी कशाकशासाठी वापरली असेल याची चौकशी सुरू झाली आणि लाडवांचा डबा ओट्याच्या पार टोकाला गेला. पोरगा दारात हात पसरून, आशेनं, "फीश?" म्हणत उभा. ‘फीश’ म्हणजे झकास, एक नंबर. आणि ‘बुए’ म्हणजे लई, हा अंगोलातून येऊन लिस्बनच्या पोरांच्या जिभेवर बसलेला शब्द. लेक कामावरून येईपर्यंत ते पोर बिचारं लई भारी, लई भारी करत तिष्ठत होतं, आणि ही त्याला परोपरीनं मराठीत सांगत होती की आमच्यात चालत नाही.

इथपर्यंतचं सगळं चारचौघांत सांगण्यासारखं आहे. यापुढचं आपल्यातच ठेवा.

सकाळी पाव, दुपारी चीज घालून पाव, आणि संध्याकाळी फिरायला गेलं की पश्तेल द नाता, ते वरून करपवलेले कस्टर्डचे टार्ट, असा आहार सुरू झाल्यावर माझ्या पोटानं संप पुकारला. वाटाघाटी निष्फळ ठरल्या. इसबगोलचा डबा डोंबिवलीत, बॅगेत जागा नाही म्हणून वहीसाठी काढून ठेवलेला. लेकीला सांगायचा संकोच. पण वही जप्त झाली तरी त्यातला एक नियम मला तोंडपाठ होता, तो म्हणजे इंग्रजी शब्दाचं शेपूट कापून ‘आदु’ लावा, पोर्तुगीज शब्द तयार. कॉम्प्लिकेटेडचं कोंप्लिकादु होतं की नाही? मग कॉन्स्टिपेटेडचं होणार कोंश्तिपादु. कोपऱ्यावर हिरव्या क्रुसाच्या दिव्याचं औषधाचं दुकान होतं, तिथं गेलो आणि इकडेतिकडे बघून, खालच्या आवाजात, काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईंना म्हणालो, "इश्तो कोंश्तिपादु."

बाईंना चक्क लगेच कळलं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं अख्खं वाक्य कुणाला तरी एका झटक्यात कळलं होतं. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली, स्वतःच्या घशाला हात लावून काही विचारलं. मी नाही म्हणालो. कपाळाला हात लावून विचारलं. तेही नाही. मी पोटावर हात फिरवला, तर त्यांनी खोकल्याचा अभिनय केला. मग त्यांनी पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि नाकात मारायचा एक फवारा काउंटरवर ठेवला, आणि मान मागं कलवून, एक नाकपुडी बोटानं दाबून, कसा मारायचा तेही करून दाखवलं.

उपाय फारच लांबून येणारा दिसला.

पण मी वाद घातला नाही. आपल्याकडे डोळ्यांसाठी बेंबीत तेल घालतात, तेव्हा कुणी विचारतं का? घरी येऊन न्हाणीघरात कडी लावून दोन्ही नाकपुड्यांत यथासांग फवारे मारले. पोटात काही हालचाल झाली नाही. नाकात मात्र झाली. कैक वर्षांनी दोन्ही बाजू एकदम उघडल्या; मला हिची फोडणी चार खोल्या पलीकडून कळली, आणि सवयीनं म्हणून बघितलं तर तो आला. "पाँव!" पुन्हा, "पाँऽव!" खणखणीत, गोल, नाकाच्या शेंड्यापर्यंत घुमणारा अस्सल पोर्तुगीज पाव.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पादारिया गाठली. पांढऱ्या टोपीवाल्या मुलीनं मला बघून चिमटा सावधपणे जवळ घेतला. मी हात पाठीमागं बांधले, श्वास घेतला आणि म्हणालो, "पाँव." तिचा चेहरा उजळला. तिनं आतून भट्टीवाल्याला हाक मारून बाहेर बोलावलं, मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. भट्टीवाल्यानं पीठ लागलेल्या हातानं माझा हात हातात घेतला. मग तिनं काहीतरी लांबलचक विचारलं, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण इतक्या मानानंतर ‘कळलं नाही’ कोण म्हणणार? अशा वेळी ‘पोइश’ म्हणायचं, असं लेकीनं सांगून ठेवलं होतं. हं, बरोबर, खरंय, सगळं त्यात येतं. मी म्हणालो, "पोइश." तिनं पुन्हा विचारलं, टोपलीकडे हात करून. "पोइश, पोइश." तिनं टोपली पिशवीत रिकामी केली.

त्या पिशवीतून पावभाजी झाली, फोडणीचा पाव झाला, पावाचे वडे झाले, उरलेले तव्यावर भाजून चहाबरोबर झाले. पोटानं आता संपाचं रूपांतर बेमुदत टाळेबंदीत केलं. तेव्हा कुठं मी लेकीला फवारा दाखवून सगळं सांगितलं. ती आधी हसली आणि मग, पीएचडी करतेय म्हणून असेल, नीट समजावून सांगितलं. पोर्तुगालमध्ये कोंश्तिपादु म्हणजे सर्दी झालेला. बाईंनी योग्य तेच औषध दिलं होतं. तुमच्या तक्रारीला म्हणतात ‘प्रिझांव द व्हेंत्र’, म्हणजे पोटाची कैद. मी ते ऐकून क्षणभर दुखणं विसरलो. कैद! आणि आपण म्हणतो बद्धकोष्ठ! कोठा बांधला गेलेला! कोबीचा गड्डा गेला, पावाचं नाक हरवलं, पण या एका बाबतीत लिस्बन आणि डोंबिवली यांचं पूर्वापार एकमत होतं.

शिवाय प्रिझांवच्या शेवटी तेच अनुनासिक. नाक मोकळं होतं. ही संधी पुन्हा येणार नव्हती.

मार्तिं मुनीज चौकाच्या आसपास आपल्याकडच्या किराण्याची दुकानं आहेत, तिथं इसबगोल मिळेल असं लेक म्हणाली, आणि मी एकटाच जाणार असं मी म्हणालो. ट्राममध्ये वाक्य घोकलं. दुकान भरलेलं होतं. तांदळाच्या गोण्या, लोणच्यांच्या बरण्या, मसाल्यांचा वास, तो तर मला आता फारच येत होता. तीन-चार साडीवाल्या बायका डाळ निवडून घेत होत्या. गल्ल्यावर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ. मी मफलर सारखा केला, दोन्ही नाकपुड्या तपासून घेतल्या आणि एकही अक्षर न चुकता, सगळी अनुनासिकं जागच्या जागी लावून म्हणालो, "बों दिया. इश्तो कों प्रिझांव द व्हेंत्र."

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मफलरकडे बघितलं. मग मान वळवून दुकानाच्या मागच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अरे, आ काकाने इसबगुल आप! मोटो डब्बो!"